समुद्रातील पवनचक्क्या आणि देवमासे : पहिला खांब ठोकण्याआधी नोंद व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रात उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांमुळे देवमासे मरतात, अशा आशयाचा एक संदेश अलीकडे आपल्याकडच्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा येऊन पडतो. सोबत अमेरिकेच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एखाद्या अवाढव्य मृत देवमाशाचे छायाचित्र असते आणि खाली ‘हीच का हरित ऊर्जा?’ असा सवाल. त्याला उत्तर म्हणून जो दुसरा संदेश येतो, त्यात हे सारे तेल कंपन्यांचे कारस्थान असून देवमाशांना पवनचक्कीचा काडीइतकाही उपद्रव होत नाही, असे तितक्याच ठामपणे सांगितलेले असते. समुद्र जिथून दिसतही नाही, अशा सातारा-सांगलीकडच्या माणसांनी या वादात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु पवनचक्क्या आधी आणि त्यांच्या परिणामांचा अभ्यास नंतर, हा क्रम आपल्या पठारांनी अनुभवलेला आहे. तोच क्रम अरबी समुद्रात पुन्हा गिरवला जाण्याची चिन्हे दिसत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझी नोकरी पवनचक्क्यांच्या देखभालीची होती. चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे या भागात पावसाळ्यातल्या धुक्यात यंत्रे बंद पडली की वर चढणाऱ्यांपैकी मी एक, त्यामुळे पवनऊर्जेविषयी माझ्या मनात आकस असण्याचे कारण नाही. देवमाशाशी मात्र आपल्या भागाचा संबंध आजवर प्रामुख्याने एकाच मार्गाने आला आहे, तो म्हणजे ‘व्हेल माशाची उलटी’ विकायला आलेली टोळी पकडल्याच्या बातम्यांमधून. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या या पदार्थाच्या बाजारभावाची सांगली-कोल्हापूरकडे जेवढी चर्चा होते, तिच्या शतांशानेही तो ज्याच्या पोटातून येतो त्या प्राण्याची होत नाही.

प्रथम अमेरिकेतील वस्तुस्थिती पाहू. तेथील वादाच्या केंद्रस्थानी आहे तो उत्तर अटलांटिक राइट व्हेल. या जातीचे पावणेचारशेच्या आसपासच प्राणी आता उरले आहेत आणि त्यांत पिल्लांना जन्म देऊ शकणाऱ्या माद्या जेमतेम सत्तर. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० मध्ये या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त गटात केली. २०१७ या एका वर्षात कॅनडा आणि अमेरिका मिळून १७ राइट व्हेल मृतावस्थेत सापडले, आणि तेव्हापासून अमेरिकी सरकारने या जातीच्या बाबतीत असाधारण मृत्युसत्र जाहीर केलेले आहे. ज्या मृतदेहांची तपासणी करता आली, त्यांतून पुढे आलेली मुख्य कारणे दोन आहेत : जहाजांची धडक, आणि लॉब्स्टर व खेकड्यांच्या सापळ्यांना बांधलेल्या दोरांत अडकणे. दोरात अडकलेला देवमासा कित्येकदा लगेच मरत नाही. तो दोर अंगात रुतलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने ओढत राहतो, खंगतो, आणि अशा माद्यांना पिल्ले होण्याचे प्रमाणही घटते. यात भर पडली ती तापणाऱ्या समुद्राची. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मेनच्या आखातातले पाणी झपाट्याने तापू लागले, राइट व्हेलचे अन्न असलेले तांदळाएवढे कवचधारी जीव तिथे विरळ झाले, आणि २०१० नंतर हे प्राणी अन्नाच्या शोधात कॅनडातील सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे सरकले. तिथे त्यांच्यासाठी जहाजांचे किंवा मासेमारीचे कोणतेही नियम तोवर नव्हते. २०१७ चे मृत्युसत्र घडले ते अशा रीतीने, आणि त्यात पवनचक्कीचा कोठेही हात नव्हता.

जहाजाच्या धडकेवर उपाय माहीत आहे आणि तो साधा आहे : जहाजाने वेग कमी करावा. अमेरिकेने २००८ मध्ये ६५ फूट आणि त्याहून लांब जहाजांना ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत १० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरची मर्यादा घातली. हा नियम ३५ फुटांपर्यंतच्या बोटींनाही लागू करावा, असा प्रस्ताव २०२२ मध्ये आला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. त्याच महिन्यात तेथील नव्या अध्यक्षांनी समुद्रातील पवनऊर्जेसाठी नवी क्षेत्रे भाड्याने देणे थांबवले. ज्या कारणाने देवमासे मरत असल्याचे सिद्ध झाले आहे त्यावरचा नियम मागे, आणि ज्या कारणाने मरत असल्याचा पुरावा नाही त्यावर बंदी, हा योगायोग मला बोलका वाटतो.

छायाचित्रांत दिसणारे मृतदेह बहुतेक वेळा राइट व्हेलचे नसून हंपबॅक जातीच्या देवमाशांचे असतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यांवर असे अनेक मृतदेह लागले. त्या वेळी तिथे समुद्राच्या तळाची पाहणी करणाऱ्या बोटी फिरत होत्या, मात्र चक्क्यांचे खांब ठोकण्याचे काम सुरू झालेले नव्हते. शिवाय हंपबॅकच्या वाढत्या मृत्यूंची अधिकृत नोंद जानेवारी २०१६ पासूनची आहे, तेव्हा अमेरिकेतील पहिला, पाच चक्क्यांचा ब्लॉक आयलंड प्रकल्प सुरूही व्हायचा होता. तपासलेल्या मृतदेहांपैकी सुमारे ४० टक्क्यांवर जहाजाच्या धडकेच्या किंवा दोरात अडकल्याच्या खुणा सापडल्या, आणि मोठ्या देवमाशांच्या मृत्यूंचा पवनऊर्जेच्या कामांशी संबंध दाखवणारा पुरावा नाही, असे तेथील सागरी संस्थेने स्पष्ट केले आहे.

आपल्याकडच्या जुन्या वाचकांना यात काही ओळखीचे वाटेल. दुष्काळाच्या वर्षांत ‘पवनचक्क्यांनी ढग पळवले, म्हणून पाऊस नाही’ ही समजूत पाटणपासून कवठे महांकाळ-जतपर्यंत किती पक्की झाली होती, हे मी कामाच्या निमित्ताने गावोगावी ऐकले आहे. ती खोटी होती; शंभर-दीडशे मीटर उंचीचे यंत्र काही किलोमीटर उंचीवरचे ढग हाकलू शकत नाही. पण ती इतकी पसरली याचे कारण लोकांचा भोळेपणा हे नव्हते. जमिनीचे व्यवहार, रस्ते, गायरानांचा वापर यांविषयी लोकांच्या ज्या खऱ्या तक्रारी होत्या, त्या ऐकून घेणारे कोणी नव्हते, आणि अधिकृत माहिती देणाराही कोणी नव्हता. ती पोकळी अफवेने भरून काढली. समुद्राच्या बाबतीत आज तीच पोकळी आहे, कारण आपल्या किनाऱ्यासमोर कोणते देवमासे, किती आणि कोणत्या महिन्यांत असतात, याची सलग, जाहीर नोंद उपलब्ध नाही.

आता दुसऱ्या संदेशाकडे वळतो, कारण तोही खरा नाही. फिरती चक्की देवमाशाला मारत नाही हे मान्य केले, तरी ती उभी करताना होणारा आवाज ही गंभीर बाब आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणारा माणूस पवनऊर्जेचा मित्र नव्हे. जमिनीवर आम्ही चक्कीचा पाया घेतो तो खड्डा खणून, सळया बांधून, काँक्रीट ओतून. समुद्रात बहुतांश ठिकाणी पोलादाची एक प्रचंड पोकळ नळी, जिचा व्यास आठ-दहा मीटरपर्यंत असतो, हातोड्याने तळात ठोकून बसवतात. एका नळीला हजारो घाव लागू शकतात आणि हे काम कित्येक तास चालते. यंत्रांचा आकारही किती बदलला आहे, हे सांगण्यासारखे आहे : वनकुसवड्याच्या पठारावरच्या सुरुवातीच्या अनेक चक्क्या साडेतीनशे किलोवॅटच्या होत्या, तर अमेरिकेतील व्हाइनयार्ड विंड प्रकल्पातील एक चक्की १३ मेगावॅटची, म्हणजे आपल्या सदतीस चक्क्यांच्या बरोबरीची आहे आणि तिच्या पात्यांचा व्यास २२० मीटर आहे. तिला पायाही तसाच लागणार.

पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो आणि खालच्या पट्टीतला आवाज तर फार दूरवर पोहोचतो. राइट व्हेल, हंपबॅक, निळा देवमासा हे सारे याच खालच्या पट्टीत एकमेकांना साद घालतात. गढूळ पाण्यात आणि अंधारात आईने पिल्लाशी संपर्क ठेवायचा तो आवाजाच्याच आधारे. हातोड्याच्या घावांची बरीचशी ऊर्जा नेमकी त्याच पट्टीत असते. उत्तर समुद्रात खांब ठोकताना पॉरपॉइज हे लहान जलचर सस्तन प्राणी सुमारे वीस किलोमीटरपर्यंतच्या भागातून निघून जातात, असे डेन्मार्कमधील अभ्यासांत दिसले आहे. केवळ जहाजांच्या नेहमीच्या आवाजाचाही ताण किती असतो, याचा एक विलक्षण पुरावा योगायोगाने हाती आला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवस कॅनडातील फंडीच्या उपसागरातली जहाज वाहतूक मंदावली आणि पाण्यातला खालच्या पट्टीतला आवाज सहा डेसिबलने घटला. त्याच सुमारास तिथे राइट व्हेलची विष्ठा गोळा करण्याचे काम चालू होते. पुढे त्या नमुन्यांतील ताणदर्शक संप्रेरके मोजली, तेव्हा ती त्या शांत दिवसांत कमी भरली. समुद्र शांत झाला तेव्हाच तो एरवी किती गोंगाटाचा असतो, हे कळले.

या आवाजावर उपाय आहेत आणि ते वापरले जात आहेत. जर्मनीने खांबापासून ७५० मीटरवर एका घावाच्या आवाजाला १६० डेसिबलची मर्यादा घातली आहे. (पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल एकाच मापाने मोजत नाहीत, म्हणून हा आकडा कोणी मिरवणुकीतल्या डीजेशी ताडून पाहू नये.) मर्यादा आल्यामुळे कंपन्यांनी तंत्र शोधले : खांबाभोवती तळावर छिद्रे असलेली नळी गोलाकार अंथरतात आणि तिच्यातून दाबाखालची हवा सोडतात, म्हणजे बुडबुड्यांचा पडदा तयार होऊन आवाज बराचसा अडतो. सुरुवातीचे घाव हलके मारतात, जेणेकरून जवळचे प्राणी दूर जावेत. पाण्यात ध्वनिग्राहक सोडून देवमाशाचा आवाज आला की काम थांबवतात. जिथे तळाची माती अनुकूल असेल तिथे हातोडाच लागणार नाही असा, स्वतःच्या वजनावर बसणारा किंवा पाणी उपसून तळात रुतवला जाणारा पाया घेता येतो. व्हाइनयार्ड विंड या ६२ चक्क्यांच्या, ८०६ मेगावॅटच्या प्रकल्पाच्या कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये तेथील पर्यावरण संस्थांशी करार करून राइट व्हेलच्या वर्दळीच्या काळात, जानेवारी ते एप्रिल, खांब न ठोकण्याचे आणि बोटींच्या वेगावर मर्यादा पाळण्याचे मान्य केले. तो प्रकल्प विरोधकांना पटला नाही तो नाहीच, पण पवनऊर्जा आणि देवमासा यांतून एकाचीच निवड करावी लागते, हा समज त्या कराराने निकालात काढला.

मग आपल्या समुद्राचे काय? अरबी समुद्रातल्या हंपबॅक देवमाशांविषयी फार थोड्या लोकांना माहिती आहे. जगभरातील हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे खाण्यासाठी आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात विणीसाठी हजारो किलोमीटरचा प्रवास करतात. अरबी समुद्रातले हंपबॅक तसे करत नाहीत. पावसाळी वाऱ्यांमुळे ओमानसारख्या किनाऱ्यांवर तळाचे अन्नसमृद्ध पाणी वर येते, त्यावर ते वर्षभर इथेच राहतात. जनुकीय अभ्यासानुसार ही शाखा सुमारे ७० हजार वर्षे इतरांपासून वेगळी पडलेली आहे. ओमानच्या किनाऱ्यावरील छायाचित्रांवरून त्यांची संख्या शंभराहून कमी, ८२ च्या आसपास काढली गेली होती. मुळात थोडीच असलेली ही संख्या एवढी खालावण्यास एक घटना विशेष कारणीभूत आहे : १९६० च्या दशकात, मुख्यतः नोव्हेंबर १९६६ मध्ये, सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या समोरच्या समुद्रात २४२ हंपबॅक बेकायदा मारले. ही माहिती सोव्हिएत राजवट संपल्यावर उघड झाली.

हे प्राणी केवळ ओमानचे आहेत, असा समज करून घेण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रह-संदेशक लावलेली, लुबान या नावाची एक मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या दिशेने आली आणि तिथून किनाऱ्याने दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत गेली. गोव्याजवळच्या उथळ पाण्यात हंपबॅक नरांची गाणी शास्त्रज्ञांनी ध्वनिमुद्रित केली आहेत, आणि ही गाणी विणीच्या काळातली असतात. कोकणाच्या समोर, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ निळे देवमासे आणि ब्राइड्स व्हेल २०१५ मध्ये नोंदवले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत रुतलेले देवमाशाचे पिल्लू वाचवण्यासाठी गावकरी आणि वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनी केलेली धडपड आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. ते पिल्लू अखेरीस दगावले. कायद्याच्या दृष्टीने हे प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने आहेत आणि अरबी समुद्रातील हंपबॅकचा समावेश २०१८ मध्ये केंद्राच्या संकटग्रस्त प्रजाती पुनरुज्जीवन कार्यक्रमातही झाला आहे. कागदावर संरक्षण आहे.

भारताचे समुद्री पवनऊर्जा धोरण ऑक्टोबर २०१५ मध्ये आले. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या क्षेत्रासाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत गुजरात आणि तमिळनाडूच्या समोर प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांना साह्य आणि दोन बंदरांच्या सुधारणेसाठी ६०० कोटी रुपये आहेत. गुजरातचे क्षेत्र खंबातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावावच्या समोर आहे. त्याच दिवशी, त्याच बैठकीत, पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरालाही मंजुरी मिळाली : खर्च ७६,२२० कोटी रुपये आणि क्षमता वर्षाला २९.८ कोटी टन मालाची. देवमाशांची काळजी वाहणाऱ्या संदेशांत पवनचक्कीचे नाव येते, वाढवणचे येत नाही. जहाजांची धडक हे जगभर देवमाशांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण असताना, देशातले सर्वांत मोठे होऊ घातलेले बंदर देवमाशांच्या दृष्टीने कोणी पाहूच नये, ही विसंगती आहे. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडल्यापासून तळाच्या पाहणीसाठी पाण्यात जे एअरगनचे, म्हणजे दाबाखालची हवा एकदम सोडणाऱ्या यंत्राचे, धमाके होत आले, त्यांच्याविषयीही आपल्याकडे फारसे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. पवनचक्कीला जो प्रश्न विचारायचा, तो बंदराला आणि तेलालाही विचारला, तरच विचारणाऱ्याचा हेतू देवमासा हा आहे असे मानता येईल.

आणि आता चाळकेवाडी. तेथील पठारावर चक्क्या उभ्या राहून वीसेक वर्षे होत आल्यावर, २०१८ मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, त्याच परिसरातील चक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत जवळपास चौपटीने कमी आढळले. शिकारी कमी झाल्यामुळे, गळ्याखाली निळी-केशरी झालर फुलवणारा जो सरडा या पठारांचे वैशिष्ट्य आहे, त्याची संख्या वाढली; पण त्याच्या रक्तातील ताणाची संप्रेरके बदलली, माणूस अगदी जवळ येईपर्यंत तो पळेनासा झाला, नरांच्या झालरीचा रंगही फिका पडला. ज्या पठारावर मी इतकी वर्षे वावरलो, तिथे पायाखाली एवढी उलथापालथ चालू होती आणि आम्हा कोणाच्या ती ध्यानीमनी नव्हती. असणार तरी कशी? जमिनीवरच्या पवनऊर्जा प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार आधी मंजुरी घ्यावी लागत नाही, त्यामुळे आधी काय होते ते मोजायला कोणी आलेच नव्हते.

तरीही हा अभ्यास होऊ शकला, याचे कारण नीट लक्षात घेण्यासारखे आहे. चक्क्या नसलेले, तशाच खडकाचे, तशाच गवताचे पठार शेजारीच शिल्लक होते. ‘आधी’ची नोंद नव्हती, पण ‘बाजूची’ नोंद घेता आली. समुद्रात ही सोय नाही. खंबातच्या आखातासारखा भरती-ओहोटीचा जोर आणि तसाच गाळ असलेला दुसरा तुकडा आपल्या किनाऱ्यावर मिळायचा नाही, आणि शंभर-दोनशे किलोमीटर सहज भटकणाऱ्या देवमाशाला या भागातला आणि त्या भागातला असे वेगळे काढताही येत नाही. तिथे तुलना होऊ शकते ती फक्त कामाआधीची आणि कामानंतरची. मोजणीच झालेली नाही, अशा शेतावरचे अतिक्रमण जसे कोणत्याही तहसीलदाराला सिद्ध करता येणार नाही, तसेच आधीची नोंद नसताना चक्क्यांमुळे देवमासे गेले की नाही गेले, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. आणि मग दोन्ही संदेश अनंतकाळ फिरत राहतील.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे : खंबातच्या आखातासमोर आणि तमिळनाडूत, तसेच उद्या महाराष्ट्रासमोर क्षेत्र ठरेल तिथेही, पहिला खांब ठोकण्यापूर्वी किमान दोन पूर्ण वर्षे तळावर ध्वनिग्राहक ठेवून सलग ध्वनिमुद्रण व्हावे आणि ते सर्वांना पाहता येईल असे प्रसिद्ध व्हावे. दोन वर्षे यासाठी, की एका वर्षाचा पाऊस-वारा नेहमीसारखा नसू शकतो. वाऱ्याचे मोजमाप राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने खंबातच्या आखातात २०१७ पासून यंत्रमंचावरून केले आहे. वारा मोजायला मंच उभारता येतो, तर त्याच्याच पायाशी ध्वनिग्राहक सोडणे अवघड नाही. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांच्याकडे या कामाचे ज्ञान आहे.

परदेशातल्या अटी जशाच्या तशा उचलूनही आपले भागणार नाही, कारण आपला समुद्र वेगळ्या वेळापत्रकाने चालतो. अटलांटिकमध्ये जानेवारी ते एप्रिल काम बंद ठेवले, तर उन्हाळा मोकळा मिळतो. अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर खवळलेल्या पाण्यात खांब ठोकणे जवळपास अशक्य. म्हणजे कामाचा हंगाम उरतो तो ऑक्टोबर ते मे, आणि हंपबॅकच्या गाण्याचा व विणीचा काळही हिवाळ्यापासून वसंतापर्यंतचा, याच हंगामाच्या मध्यावर येतो. ठेकेदाराची घाई आणि देवमाशाची वीण एकाच महिन्यांत येणार, हे आज दिसत असताना त्याचा निर्णय निविदेत झाला पाहिजे. कंत्राट दिल्यानंतर, तरंगती यारी दिवसाला लाखो रुपये भाड्याने उभी असताना, कोणता अधिकारी काम थांबवायला सांगणार आहे? मी यारी खोळंबलेली पाहिली आहे आणि तेव्हा वरून येणाऱ्या दूरध्वनींचा सूरही ऐकला आहे. आधीच्या नोंदीतून त्या भागात हंपबॅक येतच नाहीत असे निघाले, तर उत्तमच. मग कंपनीलाही मोकळेपणाने काम करता येईल. येतात असे निघाले, तर बुडबुड्यांचा पडदा, आवाजाची मर्यादा, हातोड्याविना बसणारा पाया यांपैकी काय सक्तीचे, हे निविदेआधी ठरवता येईल आणि त्याचा खर्च प्रत्येक बोलीदार आपल्या दरात धरील. अटी नंतर लादल्या तर त्यांवर न्यायालयात वाद होतात.

मच्छीमारांना या कामात केवळ नुकसानभरपाईचे धनी म्हणून न पाहता निरीक्षक म्हणून घ्यावे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि कोकणातल्या अनेकांनी त्यानुसार कासवे व बहिरी (व्हेल शार्क) सोडल्याची छायाचित्रे पाठवली आहेत. समुद्रावर रोज कोण असते? तेच. देवमासा दिसल्याची नोंद त्यांच्या भ्रमणध्वनीवरून घेणारी व्यवस्था लहानशा खर्चात उभी राहू शकते. किनाऱ्याला लागलेल्या मृतदेहांबाबतही तसेच. बहुतेकदा दुर्गंधी सुटण्याआधी तो पुरण्याची घाई होते, जी समजण्यासारखी आहे. पण हाड मोडले आहे का, जाळ्याचे वळ आहेत का, कानाच्या भागाला इजा आहे का, हे न पाहता पुरलेला देवमासा पुढच्या अफवेसाठी साहित्य ठरतो.

या सगळ्याला वेळ लागेल आणि तोवर कोळसा जळत राहील, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. तापलेल्या समुद्रानेच राइट व्हेलला धोक्याच्या पाण्यात लोटले, हे वर लिहिलेच आहे. परंतु समुद्री पवनऊर्जेच्या प्रकल्पाला निविदेपासून वीज वाहू लागेपर्यंत अशीही बरीच वर्षे लागतात. तळाची पाहणी, बंदराची सुधारणा, वीजवाहिनीचे काम चालू असतानाच ध्वनिमुद्रण होऊ शकते. त्यासाठी एक दिवसही थांबावे लागत नाही, फक्त ते आज सुरू करावे लागते. ७,४५३ कोटींच्या योजनेत बंदरांसाठी स्वतंत्र रक्कम काढली आहे, तशीच तिच्या एका छोट्या अंशाएवढी रक्कम या नोंदीसाठी काढावी. ही नोंद प्रकल्प घेणाऱ्या कंपनीच्या सल्लागाराकडून न करवता सरकारी संशोधन संस्थेकडून करवून घ्यावी, एवढा आग्रह मी धरीन, कारण ज्याचे बिल त्याचाच अहवाल, ही पद्धत आम्ही पठारावर जवळून पाहिली आहे.

खंबातच्या आखातासाठी यापुढची निविदा निघेल, तेव्हा तिच्या शेकडो पानांत या प्राण्यांसाठी नेमक्या कोणत्या अटी आहेत आणि त्या कोणत्या नोंदींच्या आधारे घातल्या आहेत, याचे वृत्त आपल्या वृत्तपत्राने मिळवून छापावे, ही विनंती.

आपला,
पवनऊर्जा क्षेत्रातील एक निवृत्त तंत्रज्ञ,
सातारा